राजवेश गुलाबी पडतो

१

कपडेपटवाल्या मामांना नाट्यगृहातून बाहेर काढलं ते सिंहासनावर बसवून.

स्ट्रेचर नव्हतं. सिंहासनाला मात्र चाकं होती. रंगभूषावाल्या मावशींनी बेशुद्ध मामांना त्यावर टेकवलं, मखमली कमरपट्ट्यानं बांधलं आणि ढकलत दारापर्यंत नेलं. रुग्णवाहिकेचा चालक घाईत होता. त्यानं मामांबरोबर सिंहासनही नेलं. त्या दिवशीच्या प्रयोगात राजानं स्टुलावर बसून राज्य केलं. अर्ध्या प्रेक्षकांना ते फार प्रतीकात्मक वाटलं.

हसण्यासारखंच होतं सगळं, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मामा शुद्धीवर आले नव्हते. डॉक्टर म्हणाले, रक्तात कार्बन मोनॉक्साइड आहे. आणि कपडेपटाच्या खोलीत, अगदी मधोमध, कोळशाची शेगडी सापडली होती.

त्या खोलीच्या दारावर मामांनीच पाटी लावली होती : ‘आत आग, विडी, शेंगदाणे आणि अभिनय यांना सक्त मनाई.’

“स्वतःचाच नियम मोडला म्हाताऱ्यानं,” व्यवस्थापक हळहळले. हळहळणं त्यांना छान जमायचं. तिकिटं संपली की ते खिडकीशी रोज हळहळत. “थंडी वाजली असेल. पण शेकडो कपडे, लाकडी मजला... सगळं नाट्यगृह पेटलं असतं. संध्याकाळी विश्वस्त बसतायत. नोकरी तर जाणारच. मागची खोलीही रिकामी करावी लागेल.”

मागची खोली म्हणजे रंगमंचाच्या पाठीमागची, जिथे मामा आयुष्यभर राहिले होते. दुसरं घर त्यांना नव्हतं.

हे ऐकणारा होता मामांचा भाचा. कंपनीत त्याला सगळे कुजबुज म्हणत, कारण तो प्रॉम्प्टर होता. विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची, हे त्याचं काम. आणि ते त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की समोरचा माणूस बोलता बोलता थांबला की याच्या तोंडून पुढचा शब्द निघालाच. स्वतःच्या लग्नाच्या बोलणीत मुलीचे वडील जरा घुटमळले, तेव्हा ‘नाही’ हा शब्द त्यांना यानंच पुरवला होता.

“मामा असं...” व्यवस्थापक म्हणाले आणि थांबले.

“...करणार नाहीत,” कुजबुज म्हणाला.

“वागतील असं वाटलं नव्हतं, म्हणणार होतो मी.”

“तो म्हणाला ते बरोबर आहे,” मागून आवाज आला. दारात ताई उभी होती. मामांची मुलगी. ती शहरातली हवा तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. रात्रभर इस्पितळात बसून ती तशीच इकडे आली होती आणि तिच्या पट्ट्याला एक छोटं मोजणीयंत्र लटकत होतं.

“शेगडी बाबांनी आणलेली नाही,” ती म्हणाली.

“मग कुणी आणली?” व्यवस्थापकांनी विचारलं.

“संध्याकाळपर्यंत सांगते. आणि तोवर त्या खोलीत कुणीही कपडे बदलायचे नाहीत. ज्यानं बाबांना पाडलं, ते अजून तिथेच असू शकतं.”

२

आत जाण्याआधी ताईनं कुजबुजला रस्त्यापलीकडे नेलं आणि इमारत निरखून पाहिली. वर्धापनदिनासाठी दर्शनी भिंत नुकतीच रंगवली होती. वरच्या मजल्यावर ओळीनं चार खिडक्या, हिरव्या चौकटींच्या. समोरून बस गेल्या की धुराचा भपका थेट त्यांच्यावर.

एक कबूतर शेवटच्या खिडकीच्या कठड्यावर बसायला गेलं, घसरलं, आणि चारचौघांत अपमान झाल्यासारखं उडून गेलं. कुजबुजला हसू आलं. ताई हसली नाही.

कपडेपटात पाऊल टाकताच तिनं यंत्र पाहिलं. शून्य.

“बघ, आता हवा स्वच्छ आहे,” तो म्हणाला.

“आता,” ताई म्हणाली.

खोलीभर लोखंडी दांड्यांवर कपडे टांगलेले. तिनं खिडक्यांपाशी जाऊन बोट फिरवलं. फटींवर मामांनी कागदी पट्ट्या चिकटवल्या होत्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. एकही फाटलेली नव्हती. बोट तिथेच थांबलं.

“काय झालं?”

“या पट्ट्या लावायला मीच सांगितलं होतं. रस्त्यावरची डिझेलची काजळी आत येते, पांढरे कपडे काळे पडतात, म्हणून कटकट करत होते. म्हटलं, बाबा, फटी बुजवा.” तिनं बोट मागे घेतलं. “बाहेरचा धूर बाहेर राहिला खरा.”

ती पुढे काही बोलणार होती. कुजबुजच्या ओठांवर चार वेगवेगळी वाक्यं येऊन गेली, पण एकही बरं नव्हतं.

“ते कपडे गुलाबी का आहेत?” तिनंच एकदम विचारलं.

“कुठले? ते शिपायांचे निळे अंगरखे आहेत.”

“नीट बघ.”

त्यानं पाहिलं. दाराजवळचा अंगरखा निळा. पुढचा जांभळट. त्याच्या पुढचा आणखी. आणि शेवटी, पलीकडच्या भिंतीला लागून, राजांचा चकचकीत निळा राजवेश. त्याचे खांदे चक्क गुलाबी पडले होते. ताईनं चुणी उलगडली. आत रंग जसाच्या तसा निळा.

“यावरून मामांचं धुलाईवाल्याशी भांडण चालू होतं,” कुजबुज म्हणाला. “त्यांनी त्याला रंगांधळा म्हटलं. त्यानं मामांना नाटकी म्हटलं. दोघं बोलत नाहीत.”

“धुतल्यानं चुण्यांचा आतला भागही गेला असता. हे हवेनं केलंय, आणि एका दिवसात नाही. कित्येक आठवडे लागलेत.” तिनं जमिनीकडे पाहिलं. शेगडीच्या पायांचे काळे ठसे खोलीच्या मधोमध होते. तिथून राजवेश लांब, थेट भिंतीशी. “शेगडी इथे. आणि रंग तिकडे उडालाय.”

“म्हणजे?”

“म्हणजे या खोलीत विष आलं ते शेगडीतून नाही, त्या भिंतीतून. पलीकडे कोण असतं?”



“राजे,” तो म्हणाला.

३

राजांचं खरं नाव त्यांना स्वतःलाही सही करताना आठवावं लागे, इतकी वर्षं ते रंगमंचावर राजेच होते. त्यांची खोली प्रशस्त, आणि तिला लागून न्हाणीघर. प्रत्येक प्रयोगाआधी ते तिथे गरम पाण्यानं भरपूर वेळ आंघोळ करत आणि गात. झरोका सताड उघडा ठेवत. थंडी पडली तरी.

“रस्त्यावरच्या लोकांनाही कला मिळाली पाहिजे,” ते ताईला म्हणाले. “कालही मी आंघोळ करत होतो. बाहेर आलो तर गोंधळ. तुमच्या बाबांशी माझं वैर नव्हतं हो, ताई. म्हणजे, त्यांचं होतं.”

“कशावरून?”

राजे घुटमळले.

“गाण्यावरून,” कुजबुजनं पुरवलं.

“हो, तेच! सगळ्या कंपनीत सांगत फिरायचे, राजे गायला लागले की माझं डोकं दुखतं. महिनाभर हेच. लोक हसायचे. कलावंताला लागतं हो असलं.”

रंगभूषावाल्या मावशीही दारात येऊन ठेपल्या होत्या. “आम्ही सगळेच हसायचो गं बाई,” त्या हळूच म्हणाल्या. “व्यवस्थापकांकडे तक्रारसुद्धा केली होती त्यांनी. म्हणाले, राजे आंघोळीला गेले की मला मळमळतं, भोवळ येते. व्यवस्थापक म्हणाले, प्रेक्षकांनाही येते, पण ते तिकीट काढतात.”

“मावशी!” राजे कळवळले.

ताई हसली नाही. ती न्हाणीघरात शिरली होती. भिंतीवर गॅसचा गीझर. त्याच्या डोक्यावरून एक जाड नळी निघून भिंतीत शिरत होती, पलीकडे, कपडेपटाच्या बाजूला.

“ही कुठे जाते?”

“भिंतीत,” राजे म्हणाले. “पुढचं मी कधी विचारलं नाही. ताई, पण एक सांगतो, हल्ली या गीझरची ज्योत फार सुंदर झालीय. पूर्वी नुसती निळी असायची. आता पिवळी, मऊ. शेवटच्या अंकातल्या प्रकाशासारखी.”

ताईचा चेहरा उतरला.

“भुकेली ज्योत आहे ती,” ती म्हणाली. “तिला श्वास मिळत नाहीये. कुणीतरी या नळीचं तोंड दाबलंय.”

४

मिस्त्री, म्हणजे नेपथ्य उभारणारे, तळमजल्यावर एका राजवाड्याला पाय लावत होते. शेगडी त्यांचीच होती, सरस वितळवायची.

“पेटलेलीच होती,” ते म्हणाले. “मी खिळे आणायला गेलो, आलो तर गायब. सरस तसाच. मला वाटलं मामांनी नेली. त्यांनी कधी माझं काही नेलं नव्हतं, पण वाटलं. आणि मामांना त्या अवस्थेत नेत असताना कोण विचारतं हो, माझी शेगडी कुठे म्हणून?”

“राजांच्या गीझरची नळी. तिचं दुसरं तोंड कुठे निघतं?”

मिस्त्रींनी रंधा उचलला. रंधा खाली ठेवला. राजवाड्याकडे पाहिलं.

“...छपरावर?” कुजबुजनं सुचवलं.

“हां, छपरावर,” मिस्त्री चटकन म्हणाले. “छपरावरच.”

बाहेर येताच ताईनं त्याचा दंड धरला. “कुजबुज्या, तो काहीतरी बोलणार होता!”

“थांबला होता ना. मला राहवत नाही.”

“तुला राहवत नाही म्हणून मला खोटं उत्तर मिळालं. माणसाला अडखळू दे जरा. अडखळल्यावरच खरं बाहेर पडतं.”

तो ओशाळला. इतकं कुणी त्याच्यावर रागावलं नव्हतं. विंगेतल्या माणसावर सहसा कुणी रागावतच नाही.

शेवटी व्यवस्थापक. टेबलावर वर्धापनदिनाचं छायाचित्र चौकटीत, दर्शनी भिंतीचं, चार हिरव्या खिडक्यांसकट. ते सविस्तर बोलले, न अडखळता. शाल आणायला ते कपडेपटात गेले. मामा पडलेले. शेगडी धगधगत होती. “मी आधी धावत जाऊन चारही खिडक्या उघडल्या. हवा यायला हवी ना! मग ओरडलो, तेव्हा मावशी आल्या.”

“खिडक्या नंतर कुणी लावल्या?”

“कुणीतरी. मला काय ठाऊक. गडबड होती, ताई.”

जिन्यात ताई पायरीवरच बसली. “ऐक. जळताना इंधनाला हवा पुरली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. ना रंग, ना वास. रक्तात प्राणवायूची जागा बळकावून बसतो. माणसाचं डोकं दुखतं, मळमळतं, आणि लोक त्याला संगीत समीक्षा समजतात.”

“आणि राजवेश?”

“तो दुसऱ्या चोराचा माग. ज्योत फार तापली की हवेतलेच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात. त्यांचे वायू काही निळ्या रंगांना खातात. त्या चकचकीत कृत्रिम रेशमावरचा निळा तर हमखास गुलाबी होतो. एकाच ज्योतीतून दोन चोर निघाले. नळीचं बाहेरचं तोंड बंद, म्हणून दोघंही भिंतीतल्या फटींतून कपडेपटात शिरले; राजांना उघड्या झरोक्यानं वाचवलं. एक काही मागे ठेवत नाही. दुसरा महिनाभर कपड्यांवर हात पुसत होता.”

“मग सांगूया विश्वस्तांना!”

“मी मुलगी आहे त्यांची. माझा शब्द कोण धरेल? दाखवावं लागेल.” ती उठली. “राजांना म्हणावं, आंघोळीला चला.”

५

न्यायासाठी आंघोळ करण्याची राजांची ही पहिलीच वेळ. त्यांनी ती गांभीर्यानं घेतली. पंचा खांद्यावर टाकून ते विश्वस्तांपुढे झुकले आणि आत गेले.

कपडेपटाचं दार लावून घेतलं. आत कुणी नव्हतं. दांडीला फक्त ताईचं यंत्र, दाराच्या काचेतून आकडा दिसेल असं. बाहेर अध्यक्षबाई, दोन विश्वस्त, व्यवस्थापक, मावशी, मिस्त्री. ताईनं आधीच सगळं सांगून ठेवलं होतं : नळी, ज्योत, राजवेश. शेगडी नाही, फक्त आंघोळ. आकडा चढला की मामा निर्दोष.

पलीकडून पाण्याचा आवाज आला. मग गाणं.

शून्य.

पहिलं कडवं संपलं. शून्य. दुसरं. राजांनी तान घेतली, ती परत आणता आणता धाप लागली. शून्य.

“मला वाटतं,” अध्यक्षबाई सौम्यपणे म्हणाल्या, “मुलीचं मन आहे. आपण समजू शकतो.”

“समजू शकतो,” व्यवस्थापक हळहळले. “पण खोली तर रिकामी...”

कुजबुजनं ओठ आवळून धरले. ताई काचेला कपाळ टेकून उभी होती.  दुपारी ती ठासून म्हणाली होती, आणि आता यंत्र म्हणत होतं की काहीच नाही. म्हणजे शेगडीच. म्हणजे बाबाच.

तेवढ्यात कुजबुजला एक विचित्र गोष्ट खुपली. तो काचेतून यंत्राकडे नव्हे, खिडक्यांकडे पाहत होता. एक, दोन, तीन.

“ताई,” तो कुजबुजला, “कबूतर घसरलं ती खिडकी कुठेय?”

ताईनं वळून त्याच्याकडे पाहिलं आणि धावत सुटली. तिच्यामागे तो, त्याच्यामागे सगळी विश्वस्त मंडळी, रस्त्यापलीकडे.

दर्शनी भिंतीवर तीन हिरव्या खिडक्या होत्या. चौथीच्या जागी भिंतीतून एक नळी डोकावत होती आणि राजांच्या आंघोळीची वाफ शांतपणे रस्त्यावर सोडत होती. वरून गाणंही ऐकू येत होतं.

“खिडकी चोरीला गेली?” एका विश्वस्तांनी विचारलं.

“ती खिडकी नव्हतीच,” ताई म्हणाली. “चित्र होतं.”

६

रंगवलेली खिडकी सापडली राजवाड्याच्या मागे, तोंड भिंतीकडे करून. प्लायवुडवर चौकट, काच, कठडा, कठड्याची सावली. लांबून कबूतर फसावं इतकी झकास. पाठीमागे मात्र मधोमध काजळीचं काळं वर्तुळ आणि वाफेचे ओघळ.

“मिस्त्री, हे काम तुमचं,” ताई म्हणाली. “आज दुपारी हे उतरवलंतही तुम्हीच. कुणी सांगितलं?”

मिस्त्रींनी हात पुसले. फळीकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं.

सगळे वाट पाहू लागले. कुजबुजच्या जिभेवर वाक्य तयार होतं, स्वच्छ, पाठ असल्यासारखं. त्यानं तोंडावर हात दाबला. शांतता इतकी ताणली गेली की एका विश्वस्तांनी उगाच खोकून घेतलं. तरी कुजबुज बोलला नाही. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, पण बोलला नाही.

“व्यवस्थापकांनी,” मिस्त्री शेवटी म्हणाले. “छायाचित्रात नळी वाईट दिसते म्हणाले. मी म्हटलं, धूर कुठे जाईल? म्हणाले, समोरून दिसला नाही म्हणजे झालं. आमच्या धंद्यात तेच असतं हो. मागे खांब असो, बांबू असो, समोरून दिसत नसलं की नसतंच. आज म्हणाले, घाईनं उतरव. मला तेव्हाच कळलं, पण मी... माझा हात होता ना त्यात.”

“बनाव आहे!” व्यवस्थापक म्हणाले. “शेगडी मी डोळ्यांनी पाहिली!”

“आणि चारही खिडक्या हातांनी उघडल्यात,” ताई म्हणाली. “कपडेपटात तीनच आहेत. तिन्हींवरच्या पट्ट्या अजून अखंड आहेत. खोली तुम्ही आतून नीट पाहिलीच नाहीत. तुम्हाला फक्त टेबलावरचं छायाचित्र आठवत होतं.”

व्यवस्थापक पहिल्यांदाच अडखळले. कुणीही शब्द पुरवला नाही.

“बाबा पडलेले दिसले आणि तुम्हाला त्यांची तक्रार आठवली. आंघोळ, भोवळ. तुम्हाला कारण कळलं. ओरडायला एक श्वास लागतो. तुम्ही दार लावून शेगडी आणायला गेलात.” तिचा आवाज फाटला. “तेवढा वेळ ते आत होते.”

व्यवस्थापक खाली बसले, राजवाड्याच्या पायरीवर. ती कागदाची होती. ते पायरीसकट जमिनीला टेकले.

“मला वाटलं ते गेलेच,” ते म्हणाले. “मग... कंपनी तरी...”

“मिस्त्री,” अध्यक्षबाई म्हणाल्या, “ती खिडकी परत लावा. मला यंत्र बघायचंय.”

मिस्त्री शिडीवर चढले. राजांना आणखी दोन कडव्यांची विनंती गेली. ते म्हणाले, बोटं सुरकुतलीत, पण गातो. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर रिकाम्या कपडेपटात यंत्र किंचाळू लागलं. राजांना वाटलं, कुणी साथ देतंय. त्यांनी पट्टी वर नेली.

अध्यक्षबाईंनी स्वतः पळत जाऊन गीझर बंद करायला लावला. मग त्या कपडेपटाच्या दारावरच्या पाटीपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मामांची खोली मामांचीच. आणि पोलिसांना बोलवा.”

७

मामा चौथ्या दिवशी नीट बोलू लागले. इस्पितळात एका कोपऱ्यात सिंहासन होतं. परिचारिका त्यावर बसून औषधं देत होत्या.

ताईनं पट्ट्यांचं सांगितलं. मामांनी तिचा हात हातात घेतला. “पट्ट्या चांगल्या होत्या गं. पांढरे कपडे पांढरे राहिले,” ते म्हणाले, आणि धुलाईवाल्याला माफीचा निरोप पाठवला.

राजे आले ते मान खाली घालून. महिनाभर आपणच नकळत विष सोडत होतो, हे त्यांना झोपू देत नव्हतं.

“मामा, तुम्ही खरंच आजारी होता आणि मी रुसून बसलो. दोष गीझरचा होता. गाण्याचा नव्हता,” ते म्हणाले. “नव्हता ना?”

“गाऊन बघा,” मामा म्हणाले.

राजे गायले. तेच गाणं, तीच तान, परतताना तीच धाप. ताई मामांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मावशींनी श्वास रोखला. मामांनी डोळे मिटून कपाळावर दोन बोटं ठेवली आणि नीट तपासलं.

“डोकं दुखत नाही,” ते म्हणाले.

राजांचा चेहरा उजळला.

“पण...” मामा म्हणाले, आणि थांबले.

सगळ्यांनी कुजबुजकडे पाहिलं. कुजबुज खिडकीबाहेर पाहत होता. ती खरी होती. त्यानं आधीच उघडून बघितली होती.